आराखडा कोणाचा, अंगठा कोणाचा?

मार्च महिना लागला की आमच्या शाळेत दोन गोष्टी आटतात. एक हातपंपाचे पाणी आणि दुसरी मास्तराची झोप. पाणी उन्हाने आटते, झोप कागदाने आटते. वरून हुकूम सुटतो की, शाळेचा विकास आराखडा परवा सायंकाळपर्यंत पोचता झालाच पाहिजे. मग मास्तर रात्री दिवा लावून बसतो, गेल्या सालचा कागद काढतो, साल तेवढे बदलतो, 'गुणवत्ता संवर्धन', 'भौतिक सुविधा', 'लोकसहभाग' असे भारदस्त शब्द ओळीने बसवितो आणि सकाळी सह्या-अंगठे गोळा करीत घरोघर फिरतो. लोकसहभाग हा शब्द ज्या कागदावर सर्वांत जास्त वेळा येतो, त्या कागदाला लोकांचा सहभाग म्हणून फक्त अंगठ्याची शाई लागलेली असते!

वाचकहो, हे मी दुसऱ्या कोणाचे पाप सांगत नाही. हे मी स्वतः केले आहे, आणि एकदा नव्हे. तीन वर्षांमागे असाच कागद घेऊन मी एका मजूर बाईच्या अंगणात उभा होतो. बाई शाळेच्या समितीची सभासद. नुकतीच हरभरा सोंगून आलेली, हातपायही धुतले नव्हते. तिने लेखणी हातात घेतली आणि विचारले, "गुर्जी, याच्यात पोरींच्या पाण्याचं लिवलं हाये का?" मी गप्प बसलो. लिहिले होते ते संगणक कक्ष, परसबाग आणि प्रवेशद्वाराची कमान! हातपंप फेब्रुवारीतच कोरडा पडत होता, पाण्यावाचून मुलींच्या संडासाला कुलूप होते, आणि मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जात त्या परत येत नसत. हे मला ठाऊक नव्हते काय? रोजची हजेरी मीच घेत होतो. पण कागद लिहिताना ते आठवले नाही, कारण गेल्या सालच्या कागदात ते नव्हते. बाईने सही केली. म्हणाली, "तुमी लिवलं म्हंजे बराबरच असन." त्या विश्वासाने मला जी लाज वाटली, ती कोणत्याही साहेबाच्या मेमोने आजवर वाटली नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तीत चारात तीन सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल व वंचित घरांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. २२ व्या कलमाने ह्याच समितीवर शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम टाकले आहे. आराखडा तीन वर्षांचा, आणि त्याच्या पोटात दर सालचा निराळा. म्हणजे आराखडा आईबापांनी करावयाचा आणि मास्तराने त्यांना मदत करावयाची. आम्ही हे उलटे केले. आराखडा मास्तराने करावयाचा आणि आईबापांनी अंगठ्याची मदत करावयाची! कायद्याने त्या बाईच्या हातात लेखणी दिली, ती आम्ही फक्त सहीपुरती ठेवली.

ह्या प्रकाराला जुने नाव आहे. पूर्वी लग्नात भटजी मंत्र म्हणे. तो वराला कळत नसे, वधूला कळत नसे, मांडवातल्या कोणालाच कळत नसे, पण दक्षिणा मात्र सर्वांना कळे. सत्यशोधक समाज १८७३ साली निघाला तेव्हा त्याने पहिला घाव ह्या दलालीवर घातला. वधूवरांनी आपल्या तोंडाने, आपल्या भाषेत एकमेकांना वचन द्यावे. मध्ये कोणी नको. आज मांडव बदलला, दलाली राहिली. 'गुणवत्ता संवर्धन' हा नवा मंत्र, आराखड्याचा कागद ही नवी पोथी, आणि सांगावयास खंत वाटते की, नवे भटजी आम्हीच, कुणब्या-तेल्यांच्या घरचे, डी.एड. होऊन आलेले मास्तर! जात बदलल्याने दलाली पवित्र होत नाही.

ह्या दुखण्यावर तालुक्याच्या ठिकाणी एक औषध निघाले आहे. त्याचे नाव कार्यशाळा. तेथे पडद्यावर चित्रे दाखवितात, रंगीत चिठ्ठ्या वाटतात, चहा-बिस्किटे होतात, गटागटांत बसवून 'आपले स्वप्न लिहा' म्हणून सांगतात. जो हे चालवितो त्याला 'सुलभक' म्हणतात. शब्द चांगला आहे. सुलभ करणारा तो सुलभक. पण सुलभ कोणासाठी? वरच्या कचेरीस अहवाल सुलभ व्हावा म्हणून, की हरभरा सोंगून आलेल्या बाईस बोलणे सुलभ व्हावे म्हणून? ज्या कार्यशाळेत कार्य ठरत नाही आणि शाळेचे नावही निघत नाही, तिला कार्यशाळा कशाला म्हणावे? चहाशाळा म्हणावे.

तथापि सभा भरवून पुढचा विचार करणे हीच गोष्ट व्यर्थ आहे असे माझे म्हणणे नाही. ती नीट कशी भरवावी हे शिकण्यास दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या वर्ध्यासच २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली होती. अध्यक्ष महात्मा गांधी. सात प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती आणि लहान मुलांच्या शिक्षणाचे करावयाचे काय, हा प्रश्न दाराशी येऊन उभा होता. त्या परिषदेतून घेण्याजोग्या गोष्टी तीन आहेत.

पहिली ही की, प्रश्न आधीच लोकांपुढे होता. गांधीजींनी आपले म्हणणे परिषदेपूर्वीच 'हरिजन' पत्रातून मांडले होते. येणाऱ्याला कशासाठी यावयाचे ते ठाऊक होते. परिषदेचे ठरावही चारच झाले: सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, ते हाताच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेले, आणि त्या कामातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा ही अपेक्षा. आमच्या आराखड्यात मागण्याच चाळीस असतात, म्हणून एकही पुरी होत नाही.

दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, ह्या कल्पनेवर त्याच परिषदेत, गांधीजींच्या समोर आक्षेप घेतले गेले. प्रा. के. टी. शाह बोलले. डॉ. झाकिर हुसेन यांनीही इशारा दिला की, कमाईवर फार भर दिला तर शिक्षक गरिबांच्या पोरांकडून काम पिळून घेणारे मुकादम होतील. आणि पुढे योजना लिहिण्याची जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष कोण? तेच डॉ. झाकिर हुसेन! ज्याने खोड काढली त्याच्याच हाती लेखणी दिली. आमच्या गावच्या सभेत जो खोड काढतो, त्याला पुढच्या सभेचा निरोपच जात नाही.

तिसरी गोष्ट मुदतीची. शे-दीडशे माणसांनी बसून कागद लिहिता येत नाही. परिषदेने दिशा ठरविली आणि लिहिण्याचे काम थोड्या माणसांवर सोपविले. त्यांनी २ डिसेंबर १९३७ ला, म्हणजे चाळीस दिवसांत, अहवाल पुरा केला. १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुऱ्याच्या काँग्रेसने तो उचलला आणि त्याच साली हिंदुस्थानी तालीमी संघ उभा राहिला.

आणि एक गोष्ट टाळण्याजोगी. ती निमंत्रितांची परिषद होती. मंत्री होते, शिक्षणतज्ज्ञ होते, विधायक कार्यकर्ते होते. ती खेड्यातील आईबापांची सभा नव्हती. पुढे ही योजना गावोगाव गेली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी बापाने विचारले की, सूत तर माझ्या घरीही निघते, मग पोराला शाळेत कशाला घालू? त्याला अडाणी म्हणून गप्प केले. त्याला आधीच बोलावून विचारले असते तर उत्तर आधीच शोधावे लागले असते. ह्याच्या पंचावन्न वर्षे आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन ठेवले, त्याचा कणाच हिशेबाचा आहे. सरकारच्या खजिन्यात भर घालते रयत, आणि त्या पैशाचे शिक्षण मिळते कोणाला? हा हिशेब मांडून मग ते बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागतात, शिक्षणक्रमात शेतीचे व आरोग्याचे ज्ञान मागतात, शिक्षकाला बरा पगार मागतात. आधी हिशेब, मग मागणी. आराखडा करण्याची ही रीत आम्ही विसरलो.

असो. माझ्या अंगणातल्या लाजेकडे वळतो. पुढच्या साली मी ठरविले की, कागद आधी लिहावयाचा नाही. आधी सभा घ्यावयाची. डी.एड. च्या दोन वर्षांत पाठाचे टाचण काढावयास शिकलो, फळ्यावर सरळ ओळ लिहावयास शिकलो, पण सभा कशी घ्यावी हे कोणी शिकविले नव्हते. चुकत चुकत जे शिकलो ते सांगतो.

पहिली चूक वेळेची. सभा सकाळी अकराला ठेवली. आले ते ज्यांना वावरात जावयाचे नव्हते ते, म्हणजे पाच पुरुष. मजुरी बुडवून सभेला यावयास सांगणे म्हणजे गरिबास येऊ नको म्हणून सांगणेच होय. दुसऱ्यांदा दिवेलागणीनंतर, जेवणे आटोपल्यावर, शाळेच्या ओसरीवर बोलाविले. तान्ही पोरे घेऊन या, असे मुद्दाम सांगितले. चव्वेचाळीस माणसे आली, त्यांत अर्ध्याहून जास्त बाया.

दुसरी गोष्ट खुर्चीची. खुर्ची एकही ठेवली नाही. आमच्या गावात सतरंजीवर कोणी बसावे आणि दाराशी कोणी बसावे, हे न सांगता ठरलेले असते, आणि बोलणेही त्याच क्रमाने होते. सतरंज्या गोल घातल्या. सरपंचांना आदल्या दिवशी भेटून हात जोडले की, दादा, तुम्ही आधी बोललात तर तुमच्यानंतर कोणी तोंड उघडणार नाही, सबब तुम्ही शेवटी बोला. त्यांनी मानले, हा त्यांचा मोठेपणा. मास्तराने स्वतः गप्प राहणे मात्र सरपंचाला गप्प ठेवण्याहून कठीण! आम्हांला प्रश्न विचारून आपणच उत्तर देण्याची खोड असते.

तिसरी गोष्ट हिशेबाची. सालात शाळेला किती पैसे आले, कशावर गेले, ते मोठ्याने वाचले. मग पट वाचला. मुले सतरा, पैकी धड वाचता न येणारी सहा. हा आकडा वाचताना माझा आवाज बसला, कारण तो आकडा पाण्याचा नव्हता, कमानीचा नव्हता, माझा होता. एक बाप उठून म्हणाला, "गुर्जी, माया पोरगा चवथीत हाये, त्याले यष्टीची पाटी वाचता येत नाई. ते आराखड्यात येते का?" येते, म्हटले. आराखड्यात सर्वांत आधी तेच यावयास पाहिजे. ज्याला सभा घ्यावयाची आहे त्याने आपली चूक आपल्या तोंडाने वाचावी. मग लोकही खरे बोलू लागतात.

चौथी गोष्ट निवडीची. बोलण्यातून चार कामे पुढे आली: पाणी, वाचन, कापूस वेचणीच्या दिवसांतील गैरहजेरी, आणि कमान. हात वर करावयास सांगितले असते तर निकाल ठरलेला होता. ज्याच्या वावरात मजुरीस जावयाचे, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या विरुद्ध हात कोण वर करील? म्हणून वर्गखोलीत चार डबे ठेवले आणि प्रत्येकापुढे खडूने चित्र काढले: हंडा, पुस्तक, कपाशीचे बोंड आणि कमान. प्रत्येकास तीन चिंचोके दिले. एकेकाने आत जावे, मनास येईल त्या डब्यात टाकावे. आधी बाया गेल्या. मोजले तेव्हा हंड्यात सर्वांत जास्त, मग पुस्तकात, मग बोंडात. कमानीच्या डब्यात दोन! कमानीच्या कंत्राटाकडे डोळे लावून बसलेले गृहस्थ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

पाचवी गोष्ट नावाची आणि तारखेची. 'पाण्याची व्यवस्था करण्यात यावी' असे लिहिले की ती कधीच होत नाही, कारण 'यावी' ह्या शब्दाला हातपाय नसतात. आम्ही लिहिले की, अमक्या शेतकऱ्याच्या बोअरवरून शाळेच्या टाकीपर्यंत नळी टाकावयाची, नळी पंचायतीने द्यावयाची, होळीच्या आत. संडासाची किल्ली दोन आयांकडे. पहिला तास रोज फक्त वाचनाचा, तो मास्तराने घ्यावयाचा, आणि दर शनिवारी पोराने घरच्या माणसापुढे वाचून दाखवावयाचे. दर तीन महिन्यांनी हाच कागद पुन्हा ओसरीवर वाचावयाचा. ज्याचे काम राहिले त्याने उभे राहून कारण सांगावयाचे, मास्तरानेसुद्धा.

निकाल काय? फुशारकी मारण्यासारखा नाही. पाणी आले. मुली दुपारनंतर थांबतात. सहांपैकी चार पोरे वाचू लागली, दोघांचे अजून चालू आहे. वेचणीचा प्रश्न मात्र सुटला नाही. आई वेचणीस गेली की धाकट्याला सांभाळावयास थोरली घरी राहते, आणि त्यावर आमच्या ओसरीवर उत्तर निघाले नाही. पण आराखड्यात ते 'न सुटलेले' म्हणून लिहिले आहे. खोटे उत्तर लिहिण्यापेक्षा खरा प्रश्न लिहिलेला बरा.

कोणी म्हणेल, मास्तर, लोकांना काय कळते? त्यांना कमान पाहिजे की संगणक, हेही सांगता येत नाही. त्यास मी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याचे मेंढा-लेखा हे गोंड वस्तीचे गाव दाखवितो. तेथे अभ्यासगट निराळा आणि निर्णय घेणारी ग्रामसभा निराळी. अभ्यासगटात बाहेरचा जाणता माणूस येऊन बसू शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो, पण ठरवीत नाही. ठरविते ग्रामसभा, आणि तेही बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने. एकाचा विरोध असला तर पुन्हा बोलतात. वेळ लागतो. पण त्या गावाने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकू लागले. जाणत्याचे काम माहिती पुरविण्याचे. ठरविण्याचे काम ज्याला भोगावयाचे आहे त्याचे. ही वाटणी ज्याला समजली त्याला सभा घेता आली.

दुसरे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करून मास्तराची बदली झाली म्हणजे? हा आक्षेप खरा आहे. त्याचेही उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. विधायक कार्यकर्त्यांची बैठक १९४८ च्या आरंभी सेवाग्रामास भरावयाची होती आणि गांधीजी स्वतः यावयाचे होते. ३० जानेवारीला त्यांचा खून झाला. तरी मार्चमध्ये माणसे जमली. विनोबा होते, नेहरू होते, राजेंद्रप्रसाद होते. एका माणसावर उभे असलेले काम तो माणूस गेल्यावर चालवावयाचे कसे, हाच तेथला प्रश्न होता. त्यातून सर्वोदय समाज निघाला आणि निरनिराळ्या संस्थांना जोडणारा सर्व सेवा संघही. तेवढ्या मोठ्या माणसामागे हा विचार करावा लागला, तर बदलीच्या मास्तरामागे का करू नये? मास्तराच्या पिशवीतून आलेला आराखडा मास्तराच्या पिशवीतूनच परत जातो. ओसरीवर ठरलेला आराखडा ओसरीवर राहतो.

आणि हे सर्व आताच का करावयाचे, तेही सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षणखात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविले होते. आमचा पट सतरा. उद्या कोणी विचारील की, ही शाळा कशाला ठेवावी? त्या दिवशी कमानीचा कागद पुढे केला तर शाळा जाईल, आणि जावयासच पाहिजे. पण ज्या गावाने आपले पाणी आणले, आपल्या पोरांचे वाचन दर शनिवारी ऐकले, आपला न सुटलेला प्रश्न आपल्या कागदावर लिहिला, त्या गावाकडे बोलावयास काही तरी असेल. तेव्हा बोलावयास मास्तर लागणार नाही.

तेव्हा माझ्या मास्तर बंधुभगिनींनो, ह्या मार्चात कागद काढण्याआधी सतरंजी काढा. आणि आईबापहो, मास्तर दाराशी कागद घेऊन आला तर लगेच सही करू नका. त्याला बसवा, पाणी द्या, आणि म्हणा, "गुर्जी, आधी वाचून दाखवा." मागच्या महिन्यात नवा कागद घेऊन मी त्याच बाईच्या अंगणात गेलो होतो. तिने सर्व ऐकून घेतले, एक ओळ खोडावयास लावली, आणि मग सही केली.

— खेड्यातील एक मास्तर, जिल्हा वर्धा